आक्कांचं बुद्धाशी भांडण

खोली बघायला गेले तेव्हा आक्का गच्चीवर मिरच्या वाळत घालत होत्या. खोली रिकामी आहे का, असं मी खालूनच विचारलं. त्यांनी कठड्यावरून वाकून मला पायांपासून डोक्यापर्यंत नीट बघितलं.

"एकलीच का?"

"हो. कॉलेजात इतिहास शिकवायला आलेय."

"आडनाव?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. त्या आठवड्यात गेवराईतल्या दोन-तीन घरांत मी आडनाव सांगेपर्यंत खोली रिकामी होती, आणि सांगून झाल्यावर घरमालकांना एकदम पाहुणे येणार असल्याचं आठवलं होतं. मी आडनाव सांगितलं. आक्कांनी मिरच्यांची पाटी खाली ठेवली.

"म्हंजे बुद्धाची का?"

"हो," मी म्हटलं आणि पिशवी उचलायला वाकले.

"थांब की. वर ये. तुझ्या बुद्धाशी माझं एक भांडण हाय. कुणी भेटतच न्हाई मिटवायला."

अशी मला खोली मिळाली. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या भांडणापायी खोली मिळालेली भाडेकरू जगात मी एकटीच असेन.

त्यांचं खरं नाव मी इथे सांगणार नाही. सगळी गल्ली त्यांना आक्का म्हणायची. माहेर धारूरचं, डोंगरातलं. सासर गेवराईचं, सपाटीवरचं. सीताफळं धारूरचीच खायची आणि ज्वारी गेवराईचीच, एवढ्यापुरती त्यांची दोन्हीकडे सारखी निष्ठा होती. काटक बांधा, खोचलेला पदर आणि पायात पुरुषी चपला. घर हायवेला लागून होतं. खाली त्या एकट्या राहायच्या, वर एका ओळीत भाड्याच्या खोल्या होत्या. मोठा ट्रक गेला की मांडणीतली भांडी वाजायची आणि आक्का बोलता बोलता आपोआप आवाज चढवायच्या. ट्रक गेल्यावर आवाज खाली आणायचं त्यांच्या कधी लक्षात राहायचं नाही.

भांडण त्यांनी त्याच दुपारी मांडलं. मी अजून पिशवीसुद्धा सोडली नव्हती.

"बायकू वली बाळंतीण. लेकरू कुशीत. आन हा रातच्याला उठून न सांगता निघून गेला. मला येवढंच सांग, सांगून गेला असता तर ज्ञान काय कमी पडलं असतं का?"

मी म्हटलं, आमच्या घरी ही गोष्ट अशी सांगत नाहीत. रोहिणी नदीच्या पाण्यावरून दोन कुळांत तंटा झाला. सिद्धार्थ म्हणाला, लढाई नको. त्याचं कुणी ऐकलं नाही, तेव्हा त्यानं घर सोडायचं ठरवलं. पण आईबापांना सांगून, यशोधरेशी समोरासमोर बोलून तो बाहेर पडला. तीही म्हणाली, जा.

आक्का पुढं सरकून बसल्या.

"पाण्यावरून?"

"हो."

"मंग हे आपल्याकडचंच हाय की." मग म्हणाल्या, "दोन गोष्टी हायत म्हणायच्या. एकीत न सांगता गेला, एकीत सांगून. ज्यानं ही दुसरी सांगितली त्याला बायामाणसांची कणव व्हती. पण खरी कोणची?"

मी म्हटलं, मी सांगितलेली. त्या म्हणाल्या, तू त्याच्या बाजूची, तुझी साक्ष धरता येत नाही. सुनावणी चालू राहील.

ती मी तिथे होते तेवढी वर्षं चालू राहिली.

या भांडणाचं मूळ मला पुढच्या महिन्यात शेजारणीकडून कळलं. आक्कांचे मालक घरचे बरे शेतकरी, बोलायला गोड, गावात मान असलेले. मुलगा बालवाडीत असताना ते पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या शिंगांना रंग आणायला बाजारात गेले आणि एका साधूंच्या जथ्याबरोबर उत्तरेला निघून गेले. हरिद्वारला जाऊन आलेल्या कुणीतरी पुढे सांगितलं, की त्यांनी संन्यास घेतलाय. आक्कांनी त्या पोळ्याला बैल सजवल्याशिवाय ठेवले नाहीत. घरात कुंकू होतं, ते तेलात कालवून त्यांनी शिंगांना लावलं आणि बैल स्वतः मिरवून आणले.

पण त्यानंतर गल्लीत एक अडचण झाली. संन्यास घेताना माणूस स्वतःचं श्राद्ध स्वतःच घालतो, म्हणजे शास्त्राप्रमाणे तो गेलेला. पण माणूस तर जिवंत. मग आक्कांना हळदी-कुंकवाला बोलवायचं की नाही? गल्लीतल्या बायका एकमेकींत कुजबुजायच्या आणि निरोप पाठवायचं टाळायच्या. आक्कांनी त्यांची सुटका केली. त्या बोलावणं नसताना प्रत्येक घरी जायच्या, पाटावर बसायच्या आणि म्हणायच्या, "आमचा गेलाय, मेला न्हाई. वाण काढा." एकदा एका घरी वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे होते. आक्कांनी झाकण उघडझाक करून बघितलं, बसत नाही म्हणून दुसरा मागून घेतला.

मी कॉलेजात बीएच्या मुलांना आशियातल्या धर्मांचा पेपर शिकवायची. मला तास घेण्याआधी मोठ्यानं सराव करायची सवय आहे. वरच्या गॅलरीत येरझाऱ्या घालत मी बोलायची आणि खाली आक्का ज्वारी निवडत ऐकायच्या. मध्येच खालून प्रश्न यायचा. कॉलेजातल्या पोरांनी वर्षभरात जेवढे प्रश्न विचारले नाहीत तेवढे आक्का एका पाटीभर ज्वारीत विचारायच्या. पण त्यांचा प्रश्न नेहमी एकच असायचा, फक्त माणूस बदलायचा.

"ह्याचं लगीन झालतं का?"

सगळे धर्म त्यांनी या एका कसोटीवर घासले. गुरू नानक त्यांच्याकडे पहिल्या नंबरानं पास झाले. ते लांब लांब फिरले, पण शेवटी बायका-मुलांत परत आले आणि शेती करत राहिले, असं मी सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "सोता नांगर धरला?" मी म्हटलं, हो, तसंच सांगतात. तेव्हापासून हायवेवरच्या धाब्यावर कुणी सरदारजी ट्रकवाला दिसला की आक्का लांबूनच त्याला मान द्यायच्या. त्या बिचाऱ्यांना कारण कधीच कळलं नाही.

कन्फ्युशियसचं नाव त्यांच्या तोंडात बसेना. त्या त्याला कानफुसे गुरुजी म्हणायच्या आणि तो शिष्यांच्या कानात कुजबुजून शिकवत असणार, या समजुतीवर ठाम होत्या. मी खूपदा सांगितलं, तसं नाही. पण त्यानं आईबाप, थोरला-धाकटा, नवरा-बायको यांनी कसं वागावं ते सांगितलंय हे ऐकून त्या म्हणाल्या, "आमच्या मोठ्या दिरावानी. समदं रीतीत पायजे. लई चांगला माणूस, पण घरात नको." लाओत्से म्हातारपणी म्हशीवर बसून पश्चिमेला निघून गेला, आणि वेशीवरच्या रखवालदारानं अडवून त्याच्याकडून आधी ज्ञान लिहून घेतलं, ही गोष्ट त्यांनी फार लक्ष देऊन ऐकली.

"म्हशीवर?"

"चित्रांत तसं दाखवतात."

"घरची म्हस घेऊन गेला? मंग मागं दूधदुभतं कशाचं?" आणि मग, "त्यो रखवालदार मातर शाणा. न सांगता कुणालाच सोडलं न्हाई पायजे."

थायलंडवर त्या खूश होत्या. तिथली मुलं पावसाळ्यापुरती भिक्खू होतात, वर्षावास संपला की परत घरी येतात, लग्नं करतात, हे कळल्यावर त्यांनी मांडी थोपटली. "ह्ये बरं हाय. आपल्याकडं लोकं उसाला जात्यात तसंच. इकडं कोयता घेऊन, तिकडं भांडं घेऊन. पर जाणार कवा आन येणार कवा, घरच्याला ठावं आसतंय." जपानात काही पंथांचे भिक्खू संसारही करतात, हे ऐकून मात्र त्या ज्वारी निवडायची थांबल्या आणि म्हणाल्या, "मंग सोडलं काय?"

महावीरांच्या बाबतीत तर त्यांनी शेजारच्या कापड दुकानदार काकांनाच कामाला लावलं. काका दिगंबर जैन, स्वभावानं अतिशय मऊ, मुंगीलासुद्धा वाट देणारे. आक्कांनी परकराचं कापड फाडून घेता घेता विचारलं, "तुमच्या महावीरांचं लगीन झालतं का?" काका म्हणाले, "नाही आक्का, बालब्रह्मचारी." आक्का खूश होऊन घरी आल्या आणि म्हणाल्या, कुणाला मागं ठेवलंच नाही, म्हणजे दोष नाही. मी चुकून बोलून गेले, की श्वेतांबर लोक मानतात त्यांचं लग्न झालं होतं, मुलगी होती, आणि आईबाप असेपर्यंत ते घरीच थांबले, मग मोठ्या भावाला विचारून निघाले. आक्का तशाच परत दुकानात गेल्या. काकांनी गिऱ्हाइकासमोर हात जोडले. शेवटी दोघांचा समझोता झाला, की लग्न झालं असो वा नसो, ते विचारून गेले. काका त्यानंतर आक्का दिसल्या की दुकानाच्या मागच्या बाजूला काहीतरी शोधायला जायचे.

माझ्या खोलीत बुद्धाचा फोटो होता. आक्का वर आल्या की आधी त्याच्याशी बोलायच्या. "काय, बरं चाललंय का?" असं एखाद्या दूरच्या पाहुण्याशी बोलावं तसं. राग होता पण आबाळ करायची नाही, हा त्यांचा नियम. बुद्धपौर्णिमेला त्या स्वतः खीर करून वर आणायच्या आणि देताना बजावायच्या, "ही सुजातेची हाय. यशोधरेची न्हवं." सुजातेबद्दल त्यांना आदर होता. उपाशी राहून राहून काही हाती लागलं नाही, बाईनं खीर दिली तेव्हा डोकं चाललं, हे त्यांना अगदी पटलेलं.

आणि मध्यम मार्ग. तो तर त्यांनी घरालाच लागू केला. वीणेची तार फार ताणू नये, फार ढिली सोडू नये, हे मी गॅलरीतून म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी नळाचे वॉशर बदलायला आलेल्या माणसाला आक्का सांगत होत्या, "लई पिळू नको, लई सैल ठिवू नको, बुद्धानं सांगितलंय." पंखा तीनवर. भाजीत तिखट मध्यम, म्हणजे बीडच्या हिशोबानं मध्यम. मला घाम यायचा.

एकदा कॉलेजची सहल अजिंठ्याला निघाली. आक्का म्हणाल्या, मी येणार. शिक्षकांच्या सीटवर माझ्या शेजारी बसून, भाकरी आणि ठेच्याचं गाठोडं मांडीवर घेऊन त्या आल्या. लेण्यांच्या पायऱ्या पोरांच्या आधी चढल्या. सतराव्या लेण्यात मी त्यांना मुद्दाम त्या भिंतीपाशी नेलं. बुद्ध होऊन तो कपिलवस्तूला परत आलाय, हातात भिक्षापात्र आहे, दारात यशोधरा आणि राहुल उभे आहेत. बुद्ध भिंतभर उंच काढलाय. ती दोघं त्याच्या गुडघ्यांच्या वर जेमतेम येतात.

आक्कांनी पदरानं चष्मा पुसून परत लावला.

"येवढा मोठा कावून काढला त्याला?"

"ज्ञान झालंय ना. म्हणून."

"आन ती येवढीशी."

मी त्यांना पुढची गोष्ट सांगितली. तो परत आला तेव्हा सगळे दर्शनाला धावले. यशोधरा गेली नाही. ती म्हणाली, माझी काही योग्यता असेल तर तोच माझ्याकडे येईल. आणि तो तिच्या दालनात आला.

"ती गेलीच न्हाई?"

"नाही."

"त्यानं यावं लागलं?"

"हो. मग तिनं राहुलला सांगितलं, ते तुझे वडील, जा, तुझा वारसा माग. राहुल मागं मागं गेला, आणि बुद्धानं त्यालाही संघात घेतलं."

आक्कांनी कपाळाला हात लावला. "तिथं चुकली बघ. पोराला नसतं पाठवायचं."

मागं पोरांची रांग तुंबली होती, पहारेकरी पुढं चला म्हणत होता. आक्का हलल्या नाहीत.  

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात बीडजवळच्या पाली गावात, बिंदुसरा धरणाच्या बाजूला, एक सप्ताह बसला. हरिद्वारहून कुणी महाराज आले होते. गल्लीतल्या बायका टेम्पो करून गेल्या आणि संध्याकाळी परतल्या त्या सरळ आक्कांच्या दारात.  शेवटी एकीनं तोंड उघडलं.

"आक्का, महाराज म्हंजी तुमचंच मालक हायत. भुवईवर बैलानं मारलेली खोक हाय. आमी जवळून बघितली."

आक्का भाकरी थापत होत्या. त्यांनी ती तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली, आणि मग विचारलं, "तब्येत कशी हाय?"

दुसऱ्या दिवशी पुढाऱ्याची जीप दारात. सप्ताहाला त्याचाच मांडव होता. त्याचा माणूस म्हणाला, साहेबांनी गाडी पाठवलीय, महाराजांच्या दर्शनाला चला, तुमच्यासाठी पुढं जागा राखलीय.

"गाडी रिकामी कावून नेता मंग," आक्का म्हणाल्या, "त्यांनलाच घालून आणा."

"आक्का, ते संन्यासी हायत. पूर्वाश्रमीच्या घरी कसं येतील?"

"मंग मीबी पूर्वाश्रमीचीच हाय. मी कशी येऊ?"

जीप गेली. गल्लीत दोन तट पडले. काही म्हणाल्या, देवमाणूस झालाय, जावं. काही म्हणाल्या, आक्का बरोबर. मुलाचा पुण्याहून फोन आला, तो तिथं कंपनीत होता. आला तर दार उघडू नको, म्हणाला. आक्का म्हणाल्या, तू तुझं काम कर. सप्ताह संपत आला. आक्का रोजच्यासारख्या शेतात जायच्या, यायच्या. फक्त त्या दिवसांत मी गॅलरीत सराव केला तरी खालून एकही प्रश्न आला नाही.

ते आले तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. कॉलेजला सुट्टी होती, मी जिन्यात कपडे वाळत घालत होते. हायवेवर एसटी थांबली आणि एक भगव्या कपड्यातला वयस्कर माणूस उतरला. बरोबर कुणी नव्हतं. गुडघे दुखत असावेत. रस्ता ओलांडताना त्यांनी दोन ट्रक जाऊ दिले. दारात येऊन त्यांनी झोळी पुढं केली आणि डोळे मिटून म्हणाले, "भिक्षा वाढ, माई. हे शरीर भिक्षेला आलंय."

आक्का आतून आल्या. उंबऱ्याच्या आत थांबल्या.

"माई तुमची वारली," त्या म्हणाल्या. "मी केलं तिचं समदं."

महाराजांचे डोळे उघडले. "कवा?"

एवढ्या एका शब्दात हरिद्वार गळून पडलं आणि गेवराई वर आली.

"झाली लई वर्सं. तुमचं नाव घेत गेली."

 आक्का आत गेल्या, दोन भाकरी आणि पिठलं घेऊन आल्या, आणि ते झोळीत न घालता ताटलीत वाढून पायरीवर ठेवलं. ते पायरीवर बसून जेवले. आक्का दाराच्या चौकटीला टेकून उभ्या. मी जिन्यात, हातात ओला टॉवेल. मला वर जायला हवं होतं हे कळत होतं, पण पाय निघेना.

"हे शरीर आता थकलंय," जेवता जेवता ते म्हणाले.

"दिसतंय की. ह्या शरीराला पाणी पायजे का?"

पाणी प्याले, ताटली धुतली, उठले, हात जोडले आणि म्हणाले, "येतो."

"येतो कावून म्हणता?" आक्का म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, ट्रकही नव्हता. "जातो म्हणा. तवा म्हणायचं राहिलं तुमचं. आज म्हणा आन जावा."

आपल्याकडे उंबऱ्यात उभं राहून 'जातो' कुणी म्हणत नाही. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. झोळी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. परत तोंड उघडलं. मग हळूच गुडघ्यावर हात टेकून पायरीवर बसले.

"मला जायचं न्हाई," ते म्हणाले.

'हे शरीर' म्हणाले नाहीत. 'मला' म्हणाले. आक्कांच्याही ते लक्षात आलं असावं. त्या जिन्याकडे वळल्या.

"मॅडम, तुझ्या शेजारची खोली झाडलेली हाय का?"

तर असे महाराज माझे शेजारी झाले. भाडेकरू म्हणून. आक्कांनी सगळ्या भाड्यानं राहणाऱ्यांना सांगायच्या त्याच अटी सांगितल्या: पाणी आलं की आपापलं भरायचं, जिना पाळीनं झाडायचा, मोठ्यानं गाणी लावायची नाहीत. एक अट खास घातली, शिष्य जिन्यात बसवायचे नाहीत. मुलानं फोनवर विचारलं, ते कोण म्हणून राहतायत? आक्कांनी सांगितलं, "कोपऱ्याच्या खोलीवाले."

त्या दिवशी दुपारी मी खाली गेले तर आक्का चुलीपुढं नुसत्याच बसल्या होत्या.

"मी लई बोलणार व्हते," त्या म्हणाल्या. "पाठ करून ठिवलं व्हतं. तू तुझं लेक्चर पाठ करतीस तसं. येवढी वर्सं. आन बोलले काय, तर पाणी पायजे का." पदरानं त्यांनी तोंड पुसलं. "तुझी यशोधरा काय बोलली ते लिहून ठिवलंय का?"

मी म्हटलं, एका ठिकाणी लिहिलंय, ती त्याच्या पायांवर डोकं ठेवून रडली.

"ते मला जमणार न्हाई," आक्का म्हणाल्या आणि उठून भांडी घासायला लागल्या.

शेजारी म्हणून महाराज चांगले होते. पहाटे लवकर उठायचे, माझ्याही वाट्याचा जिना झाडून टाकायचे. सुरुवातीला त्यांचे काही भक्त यायचे, ते जिन्याच्या पहिल्या पायरीवरून आक्कांचं तोंड बघून परत जायचे. हळूहळू भगवं विटून नारंगी झालं. ते शेतात जायला लागले, आधी बांधावर बसायला, मग खुरपायला. आक्का त्यांच्याशी घरमालकीण जेवढं बोलते तेवढंच बोलायच्या. पण मी गॅलरीत बोलायला लागले की आता खालून आणि शेजारून असे दोन्हीकडून प्रश्न यायचे, आणि कधी कधी ते माझ्या डोक्यावरून एकमेकांनाच उत्तरं द्यायचे. अनित्यतेवर महाराज म्हणाले, सगळं बदलतं, काही टिकत नाही. खालून आवाज आला, "टिकत न्हाई मंग गुडघ्याचं तेल कावून मागवलं?" महाराज हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं.

पुढं मला नाशिककडच्या एका कॉलेजात कायमची नोकरी लागली. निघताना आक्कांनी बुद्धाचा फोटो माझ्या पिशवीत स्वतः साडीत गुंडाळून ठेवला. भांडण मिटलं का, असं मी विचारलं नाही.

परवा बीडला एका कामासाठी गेले होते, तशी वाट वाकडी करून गेवराईला उतरले. दार महाराजांनी उघडलं. पांढरा सदरा, हाताला कोपरापर्यंत पीठ.

"या मॅडम. बसा. ती न्हाई घरी."

"कुठं गेल्या?"

"काशीयात्रेच्या बसमधी गेली. गल्लीतल्या बाया संगं. गयेहून बाकीच्या माघारी आल्या, ही बोधगयेलाच ऱ्हायली."

त्यांनी मोबाइलवर आक्कांचे आलेले निरोप मला ऐकवले. बोलून पाठवलेले, ट्रक नसतानाही चढलेल्या आवाजात. तिथं एका गावात सगळ्या देशांची देवळं आहेत, थायलंडचं, जपानचं, चीनचं, तिबेटचं, आणि आक्का रोज एकेक बघतायत. जपानी लोक लई स्वच्छ. तिबेटी चहात लोणी घालतात, मी प्याले, परत पिणार न्हाई. तिथल्या भिक्खुणींसंगं झाडाखाली बसते, त्यांची भाषा कळत न्हाई, माझी त्यांना कळत न्हाई, लई बरं वाटतं.

"परत कधी येणार म्हणाल्या?"

"सांगून गेली न्हवं, की चालले म्हणून. कवा येणार ते बोलली न्हाई. भाकरी येते ना तुमाला, म्हणली."

ते परत चुलीपाशी बसले. भाकरी थापताना कडेला चिरत होती, ते बोटानं सांधत होते. मला चहाचं विचारलं. तवा तापला.

"मॅडम, एक इचारू का? त्या यशोधरेनं पुढं काय केलं?"

"तीही पुढं भिक्खुणी झाली," मी सांगितलं. "घर सोडून संघात गेली. फार मोठी झाली, म्हणतात."

"ती गेली. पोरगं आधीच गेलतं."

"हो."

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली आणि पाण्याचा हात तसाच वर धरून माझ्याकडे बघितलं.

"मंग घरी कोण व्हतं?"

मी इतकी वर्षं हा पेपर शिकवतेय. मी म्हटलं, ते कुठं लिहिलेलं नाही. त्यांनी मान हलवली, भाकरीवर पाणी फिरवलं आणि म्हणाले, "जेवून जा. एकट्यापुरती करायची म्हणलं तर पिठाचा अंदाजच येत न्हाई."